न दिलेल्या हाकेला ओ

लिफ्टच्या दुरुस्तीला दोन माणसं लागतात, आणि प्रत्येक शब्द दोनदा लागतो. जुन्या लिफ्टांच्या टपावर डबा चालवायची बटणं नसतात. एकजण डब्याच्या टपावर उभा राहून रुळांना तेल देतो, बोल्ट आवळतो. दुसरा इमारतीच्या माथ्यावरच्या मशीन रूममध्ये स्विचपाशी बसतो. दोर जिथून खाली उतरतात त्या भोकातून टपावरच्याचा आवाज वर येतो. तो म्हणतो, "वर, हळू." स्विचवरचा म्हणतो, "वर, हळू." आणि मगच हात लावतो. खालून हाक आली पाहिजे, वरून ओ गेली पाहिजे, त्याआधी डबा तसूभर हलता कामा नये. हाक ऐकू आली नाही तर हात मांडीवर ठेवून बसून राहायचं. सकाळची दुपार झाली तरी बसायचं.

मिस्त्रीने या कामात तेहेतीस वर्षं काढली होती. हा नियम त्याने कितीतरी जणांना शिकवला होता. एकदा एका नव्या माणसाने नुसत्या खोकल्यावर डबा हलवला, तर मिस्त्रीने त्याला दोन दिवस घरी बसवलं होतं. साहेब मध्ये पडले तरी ऐकलं नव्हतं.

त्याच मिस्त्रीने त्या सोमवारी न दिलेल्या हाकेला ओ दिली.

सात मजल्यांची इमारत होती. खाली दवाखाने, वर कचेऱ्या. टपावर लांब्या होता. लांब्या म्हणजे मिस्त्रीचा बारा वर्षांचा जोडीदार, उंचीमुळे पडलेलं नाव. दार लहान असेल तिथे आधी वाकून मग आत शिरायची सवय लागलेला, बोलायला कमी, हाताला पक्का. पाचव्या मजल्यापाशी तो रुळाच्या पट्टीचा बोल्ट आवळत होता.

मशीन रूममध्ये मिस्त्री एकटा. खोलीला एक जड लोखंडी दार आणि पत्र्याची जाळी. आधी त्याचे कान तापले. मग कॉलर भिजली. मग छातीत धडधड सुरू झाली, आणि ती अशी की मोटर बंद असताना त्याला वाटलं मोटर चालू आहे. बोटांना मुंग्या आल्या. खोलीतली हवा संपली आहे आणि आपण इथेच, या तेलकट फरशीवर मरणार आहोत, हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की त्यात शंकेला जागाच उरली नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. काम संपलं की बाहेर पडता येईल. आणखी दोन मजले झाले की काम संपेल.

आणि त्याच्या तोंडून आपोआप शब्द गेले, "वर, हळू." आणि हात स्विचवर गेला.

खालून जो आवाज आला तो हाकेचा नव्हता. पुढच्या क्षणी डबा थांबला. टपावर एक लाल बटण तेवढं असतं, ते लांब्याने कोपराने दाबलं होतं. डबा वीतभर चढला असेल. लांब्याच्या शर्टाची बाही खांद्यापर्यंत फाटली होती आणि हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लाल ओरखडा उठला होता. हात मागे घ्यायला आणखी एक श्वास लागला असता तर हात राहिला नसता.

लांब्या जिन्याने वर आला. ओरडला नाही. दारात वाकून उभा राहिला आणि म्हणाला, "मिस्त्री, मी हाक दिली होती का?"

मिस्त्रीच्या छातीत अजून धडधडत होतं. खरं बोलायला एवढंसं वाक्य पुरलं असतं. पण तेहेतीस वर्षं त्या वाक्याच्या आड उभी राहिली.

"दिली होतीस," तो म्हणाला.

लांब्या आपल्या फाटक्या बाहीकडे बघत राहिला. "मला आठवत नाही," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "दिली असेन."

दुसऱ्या दिवशी लांब्याने कचेरीत जाऊन सांगितलं की काही दिवस मला टपावर चढवू नका, खालचं काम द्या. साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाला, माझं लक्ष ठिकाणावर नाही, काय बोलतो ते माझं मलाच कळत नाही. हे मिस्त्रीला दुसऱ्यांकडून कळलं. ऐकताना तो पान्हा पुसत होता. पुसून झालेला पान्हा त्याने परत पुसला.

ही भीती कुठून आली याचा अंदाज त्याला होता. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या आजाराचं नाव कळलं होतं. पुरुषांना मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी ग्रंथी असते, तिच्यात गाठ निघाली होती, आणि ती चांगली नव्हती. आधी किरणांचे शेक झाले, सात आठवडे, रोज सकाळी, कामावर जायच्या आधी. त्याबरोबरच दर तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. पुरुषाच्या अंगात जे हार्मोन असतं, ज्याने मुलाचा आवाज फुटतो आणि दाढी येते, त्याच्यावर ही गाठ पोसते. म्हणून ते हार्मोन आपण बंद करायचं. दीड वर्ष.

मिस्त्रीला लगेच पटलं. मेन स्विच बंद करून काम करायचं, लिफ्टवाल्याला याहून जास्त काय सांगायचं. पण त्या एका मेनवर अंगातले आणखी कोणकोणते दिवे चालतात, हे त्याने विचारलं नाही. बाईंनी पुढे जे सांगितलं ते ऐकताना तो गाडी कुठे लावली ते आठवत होता.

पहिल्या इंजेक्शननंतर महिनाभरात अंगातून वाफा येऊ लागल्या. बसल्या जागी तोंड लाल व्हायचं, पाठ भिजायची, आणि दहा मिनिटांनी थंडी वाजायची. ते त्याने चालवून घेतलं. दुसऱ्या इंजेक्शननंतर भीती आली. ती कधीही यायची. दाढी करताना यायची, दुकानात सुट्ट्या पैशांची वाट बघताना यायची. एकदा तर टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईकडे बघताना आली. त्याने कुणाला न सांगता कोपऱ्यावरच्या दवाखान्यात छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घेतली. पट्टी साफ निघाली. त्यावर खूश व्हावं तर तेही जमेना, कारण छाती ठीक असेल तर मग बिघाड कुठे आहे?

बंद जागा तो टाळू लागला. ज्या इमारतीची लिफ्ट त्याने स्वतः बसवली होती तिथे तो जिन्याने चढायला लागला. तिथल्या पहारेकऱ्याने टोमणा मारला, "काय मिस्त्री, स्वतःच्या कामावर भरवसा राहिला नाही वाटतं?" मिस्त्रीने हसून सांगितलं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. खोटं बोलणं हळूहळू हातचा मळ झालं होतं.

तिसरं इंजेक्शन पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी होतं. लांब्याची बाही फाटली त्या दिवशी संध्याकाळी चालत घरी येताना मिस्त्रीने ठरवून टाकलं की ते घ्यायचं नाही. गाठ दिसत नाही, दुखत नाही. भीती मात्र रोज समोर येऊन बसते. हार्मोन परत आलं की आपण परत माणसात येऊ, लांब्याही परत टपावर चढेल, आणि कुणाला काही सांगायची वेळ येणार नाही. पुढे गाठीचं काय होईल ते बघता येईल. आठवडाभर त्याने हे स्वतःलाच पुन्हा पुन्हा ऐकवलं.

बुधवारी दुपारी तो लवकर घरी आला. बायको टेबलापाशी बसली होती. गेली काही वर्षं ती शाळेच्या ग्रंथालयातली फाटलेली पुस्तकं घरी आणून बांधून द्यायची. टेबलावर सरसाचं भांडं, सुई, जाड दोरा, आणि पाठ निघालेलं एक जाडजूड पुस्तक. खिडकी सताड उघडी होती आणि पंखा पाचावर होता. पूर्वी या पंख्यावरून घरात रोज वाजायचं. तिला हवा असायचा आणि तो बंद करायचा. आता तो आला की ती न बोलता पंखा वाढवायची.

तो खुर्ची ओढून बसला, दाराकडे तोंड करून. थोड्या वेळाने म्हणाला, "उद्या मी जाणार नाहीये."

"कुठे?" तिने दोरा ओवत विचारलं. तिला ठाऊक होतं कुठे.

मिस्त्री बराच वेळ बोलला. इंजेक्शनाने हाडं ठिसूळ होतात, अशक्तपणा येतो, कामावर लक्ष लागत नाही, अमक्या माणसाने अर्ध्यावर सोडलं आणि तो अजून हिंडतोफिरतो आहे. भीती हा शब्द त्याने कुठेही येऊ दिला नाही. त्या शब्दाच्या चहूबाजूंनी तो फिरून आला.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. सुई पुस्तकात टोचून ठेवली.

"आधी कान तापतात," ती म्हणाली. "मग वाटतं छाती फुटणार. मग वाटतं इथून बाहेर पडलो तर वाचू. बाहेर पडलं की वाटतं, परत आत जावं लागणार. आणि सगळ्यात मोठी धास्ती ही की कुणाला दिसेल. बरोबर?"

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. "तुला कुणी सांगितलं?"

"पुलाने," ती म्हणाली.

पूल म्हणजे कोणता हे त्याला लगेच कळलं, आणि कळल्यावर त्याची नजर टेबलाकडे गेली. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत ती शाळेच्या मुलांची गाडी चालवायची. चौदा वर्षं चालवली. कुठल्या मुलाचं घर कुठल्या रंगाच्या दाराचं, कोण पुढे बसलं की ओकतं, कुणाची बाटली रोज गाडीत राहते, सगळं तिला पाठ. एकोणपन्नासावं वर्ष लागलं, पाळी मागेपुढे होऊ लागली, आणि एके दिवशी सकाळी मुलं गाडीत असताना तिने रेल्वेवरच्या पुलाच्या मधोमध गाडी थांबवली. पुढे नेता येईना. त्यानंतर दोन महिन्यांत तिने गाडीच्या किल्ल्या शाळेत नेऊन दिल्या.

पुलावर गाडी थांबली त्याच संध्याकाळी तिने मिस्त्रीला सांगायला सुरुवात केली होती. त्याला ते आठवत होतं. आपण काय म्हणालो तेही आठवत होतं. रिकामं डोकं असलं की असं होतं, तो म्हणाला होता. माझ्या कामावर दोन बायका आहेत, त्यांनाही हे वय आलं, त्यांनी काही गाड्या थांबवल्या नाहीत. मन कुठेतरी गुंतव. आणि खरंच, पुढच्या वर्षभरात ती सावरली होती. पुस्तकं बांधायला लागली होती. मिस्त्रीने आजवर ते आपल्या सल्ल्याचं यश धरलं होतं, आणि दोनतीन ठिकाणी सांगितलंही होतं.

"तुझं वेगळं होतं," तो आता म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. "बाईमाणसाचं ते वयच असतं. पाळी जाते, हार्मोन खालीवर होतं."

"आणि तुमचं काय चाललंय?" ती म्हणाली. "तुमचीसुद्धा पाळीच गेली असं समजा. तीही इंजेक्शन देऊन, एका दिवसात. मला निदान चार वर्षं मिळाली."

मिस्त्रीला हसू फुटलं, आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून तेही होत होतं. त्याने बाहीने तोंड पुसलं.

मग तिने कधी न सांगितलेलं सांगितलं. किल्ल्या दिल्यानंतर ती एकटी एका डॉक्टरकडे गेली होती. बस बदलून, कारण पुलावरून जाणारी बस तिला नको होती. डॉक्टरांनी तासभर ऐकून घेतलं आणि सांगितलं की अंगातलं बाईचं हार्मोन असं खालीवर होऊ लागलं की काही जणींच्या डोक्यातला भीतीचा लगाम सैल पडतो. सगळ्यांच्या नाही. काही जणींना कळतही नाही, काही जणींचं जगणं मुश्कील होतं, आणि कुणाचं काय होईल ते आधी सांगता येत नाही. एवढं मात्र नक्की की हे नाटक नाही, आळस नाही आणि वेडही नाही. त्यांनी गोळ्या दिल्या. महिनाभर रोज श्वासाचा एक प्रकार करायला लावला. मग भीतीच्या जागी थोडं थोडं जायला लावलं, पुलाच्या तोंडापर्यंत, मग पहिल्या दिव्यापर्यंत, मग दुसऱ्या. ती एकटी चालत जायची. मिस्त्री कामावर असायचा.

"गोळ्या?" मिस्त्री म्हणाला. "घरात गोळ्या कधी होत्या?"

"कॅल्शियमच्या बाटलीत."

ती बाटली त्याला आठवली. हिरव्या झाकणाची, फडताळात मिठाच्या बरणीशेजारी. त्याने स्वतः दोनदा विचारलं होतं, तुझं कॅल्शियम संपलं का, आणू का? ती म्हणायची, नको, मी आणते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, नजरही हलली नाही. "मी तोंड उघडायच्या आधीच तुमचं उत्तर येऊन गेलं होतं."

 मिस्त्रीला मशीन रूम दिसली, जाळीतून येणारा उजेड दिसला, आणि दारात वाकून उभा असलेला लांब्या दिसला.

बायकोने पुस्तक परत जवळ ओढलं. "उद्या मी ग्रंथालयात येत नाही म्हणून कळवलंय," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर येईन. पण बोलणार नाही. बोलायचं तुम्हीच. सगळं सांगून झाल्यावरही इंजेक्शन नको वाटलं तर नका घेऊ. मी शब्द काढणार नाही. पण न सांगता सोडलंत, तर ते मी विसरणार नाही."

गुरुवारी सकाळी दोघं हॉस्पिटलात गेले. तिसऱ्या मजल्यावर तपासणीची खोली. मिस्त्री जिन्याने चढला, बायकोही त्याच्याबरोबर जिन्याने चढली, गुडघे दुखत असताना. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा डोक्यावर चढवून कागद बघत होत्या. रक्ताचा अहवाल चांगला आला होता. गाठीचा आकडा जवळजवळ शून्यावर उतरला होता. बाईंनी त्याचं अभिनंदन केलं आणि मान वर न करता विचारलं, "बाकी काही त्रास..."

"काही नाही," मिस्त्री म्हणाला. "सगळं ठीक."

खोलीत पंख्याचा आवाज होता. बाईंनी कागदावर काहीतरी लिहायला पेन टेकवलं.

न बोलायचं ठरवून आलेली बायको तेवढं एकच वाक्य बोलली. "त्यांचं विचारून व्हायचंय, अहो. पुरं विचारू द्या, मग ओ द्या."

 हे शब्द मिस्त्रीचेच होते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो हेच सांगायचा, आणि घरी जेवताना तिलाही कितीदा सांगून झालं असेल. सोमवारचं तिला काहीच माहीत नव्हतं. त्याने दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

डॉक्टरीणबाईंनी पेन बाजूला ठेवलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. मग नीट, त्याच्याकडे बघून विचारलं, "काही त्रास होतोय का तुम्हाला?"

"भीती वाटते," मिस्त्री म्हणाला.

एवढं बोलल्यावर बाकीचं आपोआप बाहेर आलं. कान तापण्यापासून सगळं. जिना, हवामान सांगणारी बाई, छातीची पट्टी. शेवटी मशीन रूम. ते सांगताना तो बायकोकडे बघत नव्हता, पण तिने त्याच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवलेला हात काढला नाही, हे त्याला कळत होतं.

बाईंनी जे सांगितलं ते त्यांनी सावकाश सांगितलं. हे हार्मोन खाली गेलं की काही पुरुषांना बेचैनी येते, भीतीचे झटके येतात, मन उतरतं. सगळ्यांना येत नाही. तुमच्या भीतीत किती वाटा इंजेक्शनचा आणि किती त्या आजाराच्या नावाचा, हे मला मोजून सांगता येणार नाही, कारण या आजाराचं नाव ऐकूनच माणूस हादरतो. पण त्याला इलाज आहे आणि तो इंजेक्शन चालू ठेवून करता येतो. मनाच्या डॉक्टरांना मी आजच चिठ्ठी देते. रोज अर्धा तास जोरात चाला. पुढच्या वेळी फार त्रास असेल तर औषध बदलायचं का, थांबायचं का, ते आपण दोघं मिळून ठरवू. तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही. दीड वर्षानंतर इंजेक्शन बंद केलं की हार्मोन हळूहळू वर येतं, बहुतेकांचं येतं. तुमच्या वयाला किती येईल आणि कधी, हे आज छातीठोक सांगत नाही.

हे शेवटचं मिस्त्रीला आवडलं. छातीठोक सांगणारी माणसं त्याने पुष्कळ बघितली होती. त्यांतला एक तो स्वतः होता.

"आणि मनाचे डॉक्टर सांगेपर्यंत स्विचवर बसू नका," बाई म्हणाल्या. "तसं पत्र देऊ कचेरीला?"

तेहेतीस वर्षं परत एकदा आडवी यायला लागली. मिस्त्रीने त्यांना यायला वेळ दिला नाही. "द्या," म्हणाला.

मग त्याने शर्ट वर केला. सिस्टरने बेंबीच्या बाजूची चिमूटभर कातडी धरली. सुई जाड असते, मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी ती आत सोडून येते. या वेळी मिस्त्रीने डोळे मिटले नाहीत.

सिस्टरने बाहेर बाकावर अर्धा तास बसायला सांगितलं. लांब पडवीसारखी जागा होती, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला लिफ्टचं दार. लिफ्ट आली की रुळावर कुठेतरी घासल्याचा आवाज येत होता. तेल हवं होतं. मिस्त्रीने फोन काढला आणि लांब्याला लावला.

"त्या सोमवारी तू हाक दिली नव्हतीस," तो म्हणाला.

पलीकडे मशीनचा आवाज येत होता, तो कमी झाला. लांब्या कुठेतरी आडोशाला गेला असावा.

मिस्त्रीने सांगितलं. आजार लांब्याला माहीत होता, बाकीचं माहीत नव्हतं. भीतीने आपण कसे बाहेर पडायला टपलो होतो, ओ कशी आपोआप गेली, आणि दारात त्याने विचारलं तेव्हा आपण समजूनउमजून खोटं बोललो, हे त्याने गाळलं नाही.

 लांब्या म्हणाला, "दहा दिवस मी घरात प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलून बघतोय, मिस्त्री. बायको म्हणते डोकं फिरलंय तुमचं. कान तपासून आलो दोनदा."

"हो," मिस्त्री म्हणाला. 

"हात गेला असता माझा."

"गेला असता."

"मला आता राग येतोय," लांब्या म्हणाला. जणू तो राग यायला त्याला आतापर्यंत परवानगी नव्हती. "आज मला तुमच्याशी बोलायचं नाही. नंतर बघू." आणि त्याने फोन ठेवला.

मिस्त्रीला हलकं वाटलं नाही. फोन खिशात ठेवून तो तसाच बसला. शेजारी बायको पर्समधली पावती घडी करत होती, उलगडत होती, परत घडी करत होती. तिने सगळं ऐकलं होतं. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. चौकात एक पिवळी गाडी उभी होती, तिच्यातून मुलं एकेक करून उतरत होती आणि चालवणारा माणूस खिडकीतून हात बाहेर काढून मागच्या गाड्या थोपवत होता. बायकोही तिकडेच बघत होती.

मिस्त्रीने घसा खाकरला. त्याला दुसरं काही येत नव्हतं. जे येत होतं तेच त्याने केलं.

"पुलावर गाडी किती वेळ उभी होती?" त्याने विचारलं.

तिने मान वळवली. अकरा वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, त्या डॉक्टरांनीसुद्धा नाही.

"अकरा मिनिटं," ती म्हणाली.

"अकरा मिनिटं," मिस्त्री म्हणाला आणि थांबला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. हा काय करतोय ते तिच्या हळूहळू लक्षात आलं. ती परत खिडकीकडे वळली.

"नऊ मुलं होती."

"नऊ मुलं होती."

"पुढे बसलेल्या मुलीने विचारलं, मावशी, आपण का थांबलो?"

"का थांबलो," मिस्त्री म्हणाला.

"मी सांगितलं, टायर."

"टायर."

"टायर चांगलं होतं. मी खाली उतरून टायरपाशी बसले, मुलांना दिसू नये म्हणून. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मला वाटत होतं मी मेले तर ही मुलं पुलावरून घरी कशी जातील."

एवढं मोठं वाक्य मिस्त्रीला एका दमात परत म्हणता येईना. त्याने ते तुकड्यातुकड्याने म्हटलं. टायर चांगलं होतं. टायरपाशी बसलीस. हॉर्न वाजत होते. शेवटच्या तुकड्याला त्याचा आवाज फाटला, तरी त्याने तो पुरा केला.

समोर लिफ्ट आली, दार उघडलं, दोन माणसं उतरली, दार बंद झालं.

"मग संध्याकाळी मी घरी आले," ती म्हणाली. "तुम्ही चहा घेत होतात." आणि ती थांबली. पावतीची घडी तिच्या बोटांत तशीच राहिली.

पुढचं अजून यायचं होतं. मिस्त्री हात मांडीवर ठेवून बसून राहिला.